उभ्या माणसाचं माप

स्वेटरच्या पाठीचा भाग बगलेपर्यंत आला होता. मनकर्णाने तो गुडघ्यावर पसरला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि एका झटक्यात सुई काढून घेतली. मोकळे झालेले टाके क्षणभर तसेच उभे राहिले. मग तिने लोकरीचं टोक ओढलं आणि ओळीमागून ओळ सरसर उसवत गेली.

समोर मटाराच्या शेंगा सोलत बसलेल्या लेकीचा, हर्षाचा, हात थांबला.

"काहून उसवून राहिली वं आई? चांगला तर झाला होता."

"मोठा होते," मनकर्णा म्हणाली.

आतल्या खोलीतून खोकल्याची बारीक उबळ आली. दोघींनी माना वर केल्या, उबळ थांबेपर्यंत तशाच ठेवल्या, आणि पुन्हा आपापल्या कामाला लागल्या. कोणासाठी मोठा होतो हे हर्षाने विचारलं नाही. दिवाळीनंतर तो स्वेटर उसवलेला ती दुसऱ्यांदा पाहत होती.

उसवलेली लोकर कुरळी होते, तिला आपली आधीची वळणं सोडवत नाहीत. मनकर्णाने खुर्ची उलटी करून तिच्या पायांभोवती लोकर गुंडाळली, लडी बांधली, कोमट पाण्यातून काढली आणि मागच्या अंगणात दोरीवर टाकली. खाली ओझं म्हणून पितळी तांब्या लटकवला. सुकेपर्यंत लोकर सरळ होते. निदान नव्याने विणण्याइतकी तरी होते.

लोकर राखाडी होती. खरं म्हणजे ती मनकर्णाची स्वतःची. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला तिचे यजमान रुपराव आपणहून तिला नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात घेऊन गेले होते आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी बजावलं होतं, या खेपेला आधी तुझं, मग जगाचं. दुकानदाराने जांभळी, गुलाबी, मोरपंखी लोकर काढून समोर ढीग घातला. मनकर्णाने त्यातून राखाडी उचलली. रुपराव हसले. त्यांना तिची खोड ठाऊक होती. स्वतःसाठी घेतानाही ती असा रंग घ्यायची, की वेळ पडली तर कोणालाही चालावा.

आणि वेळ दरवर्षी पडायचीच. एकदा हर्षाच्या शाळेचा स्वेटर आखूड झाला. एकदा दिराच्या घरी हिवाळ्यात बाळंतपण निघालं. हर्षाला पिंटू झाला तेव्हा तर टोपरी, मोजे, झबली यांतच सगळी थंडी सरली. मनकर्णाचा स्वतःचा स्वेटर सुईवर चढायचा, चार बोटांची किनार व्हायची आणि उतरायचा. ती हिवाळे काढायची ते रुपरावांच्या जुन्या शालीत. चाळीस वर्षं विणून तिच्या अंगावर तिच्या हातचं काही नव्हतं, आणि हे तिला कधी खटकलंही नव्हतं.

या वर्षी दसऱ्याला, अजून पंखे चालू असताना, रुपराव म्हणाले की थंडी वाजते. मनकर्णाने त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी राखाडी लोकर त्यांच्या नावाने सुईवर चढली.

या घरात स्वेटरचं माप टेपने कधी घेतलं गेलं नाही. दसऱ्याचं सोनं देऊन-घेऊन झालं, की दुसऱ्या दिवशी घरचे सगळे भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे राहायचे आणि मनकर्णा मागून वितीने माप घ्यायची. खांद्यापासून खांद्यापर्यंत, बगलेपासून कमरेपर्यंत, मग बाही. माप बोटांत राहायचं, कुठे लिहून ठेवायची गरज पडत नसे. विणकाम तिला काटोलकडच्या माहेरी आईने शिकवलं होतं आणि त्यासोबत दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, सुईवरचं काम अर्धं टाकायचं नाही. दुसरी, माप उभ्या माणसाचंच घ्यायचं. आडव्या माणसाचं माप बांबू कापणारे घेतात.

रुपराव एसटीत कंडक्टर होते. नागपूर-काटोलची पहाटेची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं केली. संत्र्याच्या दिवसांत गाडीत माणसांपेक्षा टोपल्या जास्त, आणि उघड्या खिडक्यांतून येणारा वारा हाडात शिरणारा. खाकी शर्टाच्या आत मनकर्णाचा स्वेटर असायचा. मापाला उभे राहिले की ते हटकून छाती फुगवायचे. मनकर्णा हात कमरेवर ठेवून वाट पाहायची. श्वास किती वेळ कोंडून धरतील? शेवटी ते भसकन सोडायचे, लेक खिदळायची, मनकर्णा माप घ्यायची आणि रुपराव भिंतीलाच तोंड ठेवून म्हणायचे, "झालं असंन तर मार डबल." दोनदा घंटी म्हणजे गाडी सुटली. मग पुढच्या माणसाची पाळी.

यंदा दसऱ्याला छाती फुगवली तेव्हा मनकर्णाच्या हाताला बरगड्या लागल्या होत्या. दिवाळीनंतर पुन्हा उभं केलं, तर पाठीची रुंदी बोटभर कमी भरली. तोवर पोटाचा आजार काय आहे ते कळलं होतं. डॉक्टरांनी हर्षाला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. हर्षाने ते आईला सांगताना पुष्कळ शब्द गाळले. मनकर्णाने गाळलेलेही ऐकले. कळमेश्वरच्या कारखान्यातल्या नोकरीतून हर्षाने रजा काढली, पिंटूला त्याच्या बापाच्या हवाली केलं आणि ती इथेच येऊन राहिली.

मनकर्णाच्या टोपलीत तेव्हा तीन कामं होती. पिंटूचा निळा बिनबाह्यांचा स्वेटर, ज्याच्या गळ्याचे टाके उचलून फक्त पट्टी विणायची राहिली होती. हर्षाची शाल, अर्धी. आणि हा राखाडी. पहिल्या दोन्ही कामांना तिने महिनाभर हात लावला नव्हता. शेजारच्या प्रयागबाई रोज संध्याकाळी डोकावून जायच्या. त्या एकदा म्हणाल्या, की आता स्वेटर कशाला, एक चांगलं ब्लँकेट आणून टाका, काम भागते. मनकर्णाने त्यांना चहा दिला आणि सुया पुन्हा हातात घेतल्या. ब्लँकेट पडलेल्या माणसाला लागतं. स्वेटर उठून बसणाऱ्याला.

ती लोकर सुकली त्या दिवशी दुपारी मनकर्णा बटणं आणायला जरीपटक्याला गेली. दुकानात तिने फार वेळ लावला नाही. घरी परतली, चपला काढल्या आणि आतल्या खोलीच्या दारात थबकली. रुपराव डोळे मिटून पडले होते. हर्षा त्यांच्यावर वाकली होती. शिलाई मशीनच्या खणातला टेप तिने बापाच्या छातीवर आडवा धरला होता आणि चष्मा सावरत ती आकडा बघत होती.

मनकर्णाने पुढे होऊन टेपचं टोक धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं.

"निजल्या माणसाचं माप कोन घेते वं?" तिचा आवाज इतका खाली होता की हर्षा दचकली.

"मंग काय करू?" हर्षा म्हणाली. "तू विनते, उसवते. विनते, उसवते. आंगात घालायले स्वेटर पाहिजे ना त्यायले. थंडी निंगून जाईन."

"उभे राहतीन तेव्हा घेईन मी."

"आई." हर्षाने टेप सोडून दिला. "बाबा आता उभे नाई राहनार."

महिनाभर घरात जे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं ते खाली पडल्यासारखं झालं. दोघीही खाली बघत राहिल्या. टेप हळूहळू मनकर्णाच्या मुठीत गोळा झाला.

"उभं करा मले," रुपराव म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. किती वेळचे ते जागे होते कोण जाणे.

मनकर्णा म्हणाली, की राहू द्या, उद्या बघू. ते म्हणाले, "उद्याची गाडी फुल्ल हाय. आताच घे."

त्यांना उठवून बसवण्यातच किती तरी वेळ गेला. मग हर्षाने एका बाजूने काखेत हात घातला, मनकर्णाने दुसऱ्या बाजूने, आणि तिघं मिळून खाटेपासून भिंतीपर्यंतची ती वावभर जागा चालून गेले. भिंतीशी पोहोचल्यावर रुपरावांनी दोन्ही तळवे भिंतीवर टेकले आणि कपाळही टेकलं. हर्षाने त्यांना कमरेला धरून ठेवलं. गंजिफ्रॉकच्या आतून पाठीचा कणा मणी ओवल्यासारखा दिसत होता.

मनकर्णाने अंगठा एका खांद्यावर ठेवला, करंगळी लांबवली. एक वीत. दुसरी वीत ठेवायला गेली तर ती पुरी मावलीच नाही, करंगळी खांद्याच्या पलीकडे हवेत राहिली. तिने बोट मागे घेतलं. मग बाही धरली. खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत. तिथे तिचा हात थांबला. बाही जुनीच होती. कंडक्टर असतानाची, लग्नातली, तीच. माणूस आटतो, त्याच्या हाताची लांबी आटत नाही.

शेवटी तिने दोन्ही बाजूंनी हात घालून छातीला पंजे लावले. आणि तिला कळलं, की ते छाती फुगवताहेत. फार थोडी. आत घेतलेला श्वास तिच्या बोटांना लागला, थरथरत तसाच राहिला. इतकी वर्षं ती त्यांनी श्वास सोडायची वाट पाहत आली होती. या वेळी तिने वाट पाहिली नाही. फुगवलेल्या छातीचंच माप घेतलं.

"झालं," ती म्हणाली.

भिंतीला कपाळ लावून रुपराव काही बोलले. हर्षाला ऐकू आलं नाही. मनकर्णाला आलं.

"मार डबल."

त्या संध्याकाळी तिने टाके घातले. पुढे ती त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसूनच विणायची. रुपराव सुयांकडे बघत पडायचे. कधी पिंटूच्या स्वेटरचं विचारायचे, कधी नुसतंच, पाणी. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, काजपट्टी पुरुषांच्या रिवाजाप्रमाणे डाव्या अंगाला आली. एक बाही झाली. ती तिने त्यांच्या हातात चढवून दाखवली, तर मनगटावर बरोबर बसली, आणि त्यांनी ती काढू दिली नाही. दिवसभर एका हातात राखाडी बाही घालून ते पडून होते. संध्याकाळी झोप लागली तेव्हा मनकर्णाने ती हळूच ओढून घेतली, कारण खांद्याला जोडायची होती.

दुसऱ्या बाहीची मनगटाची किनार तेवढी झाली होती. त्या सकाळी तिने चहाचा चमचा त्यांच्या ओठांना लावला आणि चहा तसाच बाहेर ओघळला.

माणसं जमली. प्रयागबाईंनी मनकर्णाला भिंतीशी बसवलं. अंगणात बांबू आले, आणि ते कापणारा एकजण आत येऊन, उंबऱ्यातूनच, खाटेवर एकवार नजर फिरवून गेला. मनकर्णाने तोंड भिंतीकडे फिरवलं. लोकांना वाटलं, रडते आहे.

तेरवी झाली. पाहुणे गेले. हर्षाने कपाट रिकामं करायला घेतलं. रुपरावांची पँट-शर्टं, धोतर, जुने स्वेटर अशी गाठोडी बांधली, देण्याचे ढीग वेगळे केले. शेवटी तिने टोपली ओढली. राखाडी स्वेटर एका बाहीचा, आणि सुईवर चढलेली दुसरी बोटभर.

तिने विचारलं, की याचं काय करायचं. लोकर चांगली आहे, उसवून पिंटूला होईल.

"आन," मनकर्णा म्हणाली.

हर्षाला वाटलं, उसवायला घेतला. पण मनकर्णाने सुया घेतल्या आणि जिथे थांबली होती त्या टाक्यापासून पुढे विणायला लागली. बाही वाढत गेली. माप बोटांतच होतं. हर्षा कळमेश्वरला परत जायच्या आदल्या दिवशी ती पुरी झाली, खांद्याला जोडली गेली, आणि मनकर्णाने उरलेला दोरा दातांनी तोडला.

हर्षाने स्वेटर उचलला. उलटसुलट करून बघितला आणि नजर आईच्या खांद्यांवर नेली.

"उभी राहा बरं आई."

"काहून?"

"राहा त खरी."

मनकर्णा उठली, आणि सवयीने भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. जिथे आजवर बाकीचे उभे राहिले होते तिथे ती पहिल्यांदाच उभी होती. समोर चुन्यावर कपाळाएवढा एक पुसट तेलकट डाग होता. तो तिने आजवर पाहिला नव्हता. मागून हर्षाने तिच्या पाठीला स्वेटर लावला. खांद्याला खांदा, कमरेला कमर.

"तुयाच मापाचा हाये हा वं," हर्षा म्हणाली.

तिने आईच्या अंगात तो चढवला. मनकर्णाने बटणं लावायला हात नेला तो चुकीच्या अंगाला गेला. बायकांच्या बटणांची सवय. मग तिने दुसऱ्या अंगाने एकेक बटण लावलं. सगळं बरोबर बसलं. फक्त बाह्या बोटांच्याही खाली उतरल्या. हर्षा म्हणाली, की आता उसवायला नको, दुमडून टाके मारून देते, दोन मिनिटांचं काम आहे. मनकर्णा म्हणाली, राहू दे.

दुसऱ्या दिवशी हर्षाला कळमेश्वरच्या गाडीत बसवून ती घरी आली. पिंटूचा निळा स्वेटर गळा उचलून तिने सोबत दिला होता. शाल मात्र राहिली होती. पारा उतरला होता, ऊन अजून अंगणात आलं नव्हतं. तिने लोकरीची टोपली बाहेर आणली, पायरीवर बसली, आणि शालीच्या सुया उचलायच्या आधी थोडा वेळ तशीच बसून राहिली. दोन्ही हात मांडीवर होते. राखाडी बाह्या बोटांच्या टोकांपलीकडे रिकाम्या लोंबत होत्या. त्या तिने दुमडल्या नाहीत.