टोकाचं वजन

वजन

झाडूच्या दांड्याला जयंतीनं तूरडाळीच्या पिशव्या चिकटपट्टीनं आवळून बांधल्या, दांडा खांद्याला लावला आणि ती सोफ्याला वळसा घालून चालू लागली.

"टीव्हीवर नेम धरू नकोस," आशुतोष म्हणाला. "दुकानं कधी उघडणार ते सांगतायत."

"किती झालं?"

"अडीच किलो. ही ती फिनिश रायफल. कार्बन फायबरचा दस्ता, अगदी पिसासारखी."

"पीस दुखतंय," म्हणत जयंतीनं खांदा बदलला.

हे कशावरून सुरू झालं

फेल्डहोवन या डच गावात चिप बनवणारी मशिनं होतात, अळू होत नाही. जयंती नवऱ्याच्या, आशुतोषच्या, व्हिसावर इथे आली, दोन वर्षं कंटाळली. मग तिनं केस नावाच्या शेतकऱ्याकडून रानाच्या कडेचा जमिनीचा एक पट्टा भाड्यानं घेतला. सायकलनं तासाभराचा रस्ता. मेथी, आंबट चुका, अळू. गावातली निम्मी मराठी घरं तिची गिऱ्हाइकं झाली. लॉकडाऊनमध्ये काही जण फक्त अळूच्या जुडीसाठी दार उघडत.

मग रानडुकरं आली. त्यांना संचारबंदी लागू नव्हती. अळूचे कंद तर त्यांनी खाल्लेच, वर सगळा पट्टा असा उकरून ठेवला की केस म्हणाला, "माझा नांगर इतका खोल जात नाही."

केसचा मकाही दरवर्षी असाच जायचा. शेताच्या टोकाला त्याचं लाकडी मचाण होतं, पण त्याचे गुडघे आता शिडी मानत नव्हते. जयंतीनं शिकारीचा कोर्स केला, डचमधून परीक्षा दिली, नेमबाजीत पास झाली. पोलिसांचा परवानाही आला. मचाण मिळायला आता केसची एकच अट उरली होती. मका पेरायच्या आत तिनं स्वतःची बंदूक घेऊन त्याच्याबरोबर वाळूतून मचाणापर्यंत चालायचं आणि वर चढायचं. वाटेत बंदूक दुसऱ्याच्या हातात गेली, तर मचाण पुतण्याला.

पुतण्या सहा फूट चार इंच. जयंती पाच फुटांना जेमतेम टेकलेली.

म्हणून हलकी रायफल.

किंमत

आशुतोषला अळू आवडत नाही, पण तुलना आवडते. त्यानं पाच रायफलींचा तक्ता केला होता.

"शंभर ग्रॅम कमी करायला किती पैसे पडतात माहितीये?"

"तुझ्या सायकलला किती पडले?"

"ती वेगळी गोष्ट आहे."

"ती गॅरेजमध्ये आहे."

"हलकी आहे म्हणूनच भिंतीला टांगता आली." त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "एकच तोटा. हलकी बंदूक खांद्याला धक्का जास्त देते."

"म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त मार."

"अगं, गोळी झाडशील किती वेळा आणि वाहशील किती वेळा? आयुष्य सगळं वाहण्यात जाणार."

"आणि झाडताना मी दचकले तर? डुक्कर जखमी होऊन रानात घुसेल आणि केस मला त्याच्यामागे पाठवेल."

आशुतोषनं तक्त्यात धक्क्याचे गुण थोडे वाढवले. फिनिश रायफल तरीही पहिलीच राहिली. मग त्याला काहीतरी आठवलं.

"जयू, कॅटलॉगमधलं वजन दुर्बिणीशिवाय असतं बरं का."

"हे आज सांगतोयस?"

"अजून एक पिशवी बांधू. मसूर चालेल?"

पुण्याहून, व्हिडिओवर

"आमच्या घराण्यात शस्त्र म्हणजे विळी," सासूबाई म्हणाल्या. "दसऱ्याला तिलाच हळदकुंकू."

"आई, ही विळीपेक्षा सुरक्षित," आशुतोष म्हणाला. "तिजोरीत कुलपात राहणार."

"कुलपात ठेवायची तर घेता कशाला?" त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "आणि उद्या पाडवा आहे. गुढी उभारणार, की त्या झाडूलाच नमस्कार करायचा?"

गुढी

इथल्या घरांना दर्शनी भिंतीवर लोखंडी नळकांडं असतं, राजाच्या वाढदिवसाला झेंडा लावायला. दोघं दरवर्षी पाडव्याला त्यातच गुढी खोचत. नळकांडं तिरकं, त्यामुळे गुढीही शेजाऱ्यांच्या अंगणाकडे झुकलेली. शेजारी दरवर्षी विचारत, कुठल्या देशाचा झेंडा?

जयंती वरच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर होती, मागून आशुतोषनं तिचा पदर आणि कंबर दोन्ही धरलं होतं. हातात बांबू, त्याच्या टोकाला खण, गाठी, कडुलिंबाच्या जागी तेजपत्ता आणि तांब्या. बांबू आडवा होताच टोक खाली धावलं. तिनं दोन्ही हातांनी सावरलं आणि तशीच थांबली.

"खोच ना," आशुतोष म्हणाला.

"तांब्या केवढा आहे रे?"

"अर्धा किलोही नसेल."

"काल मी तीन किलो डाळ खांद्यावर घेऊन फिरले. मग हा एवढासा मला खिडकीबाहेर का ओढतोय?"

"टोकाला आहे म्हणून. साधी गोष्ट आहे, अंतर गुणिले..."



"तुझं एमटेक मेकॅनिकलमध्येच ना?" खिडकीबाहेरून प्रश्न आला.

गुढी लागली. साखरगाठीचा तुकडा तोंडात टाकून दोघांनी झाडूवरच्या पिशव्या सोडल्या. एकच पिशवी दांड्याच्या टोकाला बांधली. चौथ्या फेरीत जयंतीचं मनगट थरथरायला लागलं. मग तीन पिशव्या दोन्ही हातांच्या मधोमध बांधल्या. जयंती सोफ्याभोवती फिरली, जिना चढली, उतरली आणि सवयीनं टीव्हीवर नेम धरला. दांडा जागचा हलला नाही.

आशुतोषच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

दुकान

वेळ ठरवून, मास्क लावून, एका वेळी दोनच माणसं. दुकानदारानं हिरव्या कापडावर तीन रायफली ठेवल्या.

फिनिश रायफल खरोखर हलकी होती. दस्ता पोकळ आणि नळी मात्र लांब, पोलादी. जयंतीनं ती खांद्याला लावली, तशी नळी जमिनीकडे निघाली.

"तांब्या," ती म्हणाली.

"हं," आशुतोष म्हणाला. दुकानदार दोघांकडे पाहत राहिला.

दुसरी तिच्या हातांना लांब होती. तिसरी जुनी, कुणीतरी वापरून विकलेली. अक्रोडाचा दस्ता, आखूड नळी. जयंतीनं ती उचलली, डोळे मिटले, दहापर्यंत मोजून उघडले. नळी होती तिथेच होती.

"मॅडम, ही त्या पहिलीपेक्षा बरीच जड आहे," दुकानदार म्हणाला.

"असू दे. ही ओढत नाही."

आशुतोषनं फोनवर तक्ता उघडला. "किमतीनं निम्मी. पण माझ्या यादीत ही पाचवी होती."

"पाचांत?"

"पाचांत."

वाळू

केस पुढे, काठी टेकत. मागे जयंती, खांद्यावर रायफल, गोळ्या खिशात. तिच्या मागे आशुतोष, थर्मास घेऊन, दीड मीटर अंतर राखून.

अर्ध्या वाटेत पट्टा खांद्यात रुतायला लागला. जड ते शेवटी जडच. तिनं खांदा बदलला, मग रायफल दोन्ही हातांत घेतली. ती मधोमध नीट बसली, पण पायाखालची वाळू काही बसेना.

केसनं मागे न पाहता हात पुढे केला. "दे, जरा मी घेतो."

हात प्रेमाचा होता. नाही म्हणायला म्हणूनच त्रास झाला.

"नको, केस."

हात परत काठीवर गेला.

शिडीपाशी जयंतीनं रायफलचा बोल्ट उघडला, आत गोळी नाही हे केसला दाखवलं, रायफल पाठीवर आडवी टाकली आणि ती चढली. मधली एक पायरी पुतण्याच्या मापाची होती. तिथे तिनं गुडघा वापरला. वरून सगळं शेत दिसत होतं, तपकिरी, पेरणीची वाट पाहणारं, आणि पलीकडे तिचा उकरलेला पट्टा. तिनं कठड्यावर रायफल टेकवली. नळी हलली नाही.

खाली केसनं थर्मासमधली कॉफी कपात ओतली, कप जयंतीसाठी शिडीशेजारच्या ओंडक्यावर ठेवला आणि तो चार पावलं मागे सरकला.

"पुतण्याला फोन करतो," तो म्हणाला. "मचाण नाही, पण पेरणीला ट्रॅक्टरवर माणूस लागेलच."

"आणि मी?" आशुतोषनं विचारलं.

केसनं आपली काठी दोघांच्या मधे वाळूत रोवली आणि बाजूला झाला. "तू हाका घाल. काठीनं झुडपं बडवून डुकरं बाहेर काढ."

आशुतोषनं काठी उपटली आणि मधोमध एका बोटावर तोलली. ती एका बाजूला कलंडली.

"बोट जरा टोकाकडे ने," मचाणावरून जयंती म्हणाली. "टोक जड आहे."