मापणाऱ्याचा छाप

सुंदररावांनी डायल गेज, वाकडेपणा दाखवणारं काट्याचं माप, बाकड्यावर ठेवलं आणि न बोलता दोन पावलं मागं सरले. आश्रुबानं ते उचललं, तेही न बोलताच.

आठ वर्षांचा अबोला होता. साखर कारखान्याच्या निवडणुकीत एक जण एका पॅनलला, दुसरा दुसऱ्या पॅनलला. पुढं पॅनलं मोडली, दोन्हीकडचे पुढारी एका टेबलावर चहा प्यायला लागले. हे दोन शहाणे मात्र फुगलेलेच राहिले. आता दुष्काळानं शिवारात ऊसच उरला नव्हता. कारखाना सलग दुसरा हंगाम बंद होता आणि वर्कशॉपात या दोघांशिवाय फक्त रतन होती, सुंदररावांची लेक.

रतनच्या इंजिनीअरिंग कॉलेजनं शर्यतीची गाडी बांधली होती आणि ती चालवणार होती रतनच. घोडं अडलं होतं ब्रेकच्या डिस्कवर. बाकड्यावर तीन होत्या. एक बाजारातली, गार राहावी म्हणून भोकंभोकं पाडलेली. दुसरी अतिथंडीत गोठवून कडक केलेली. तिसरी सुंदररावांनी मोडीतल्या ऊस गाळायच्या रोलरातून लेथवर कातलेली, साधी बिडाच्या ओतीव लोखंडाची.

"सहा उन्हाळे पटांगणात तापलंय हे बीड. त्याची सगळी रग जिरली. आता वाकायचं न्हाई," असं त्यांनी लेकीला छातीठोक सांगितलं होतं. पण आपलं काम आपण मापायचं नाही, ही कारखान्याची रीत. आणि आश्रुबासारखा मापणारा आख्ख्या आष्टी तालुक्यात नाही, हे सुंदररावांना जिवावर आलं तरी कबूल होतं.

"काका, तिन्ही चाळीस-चाळीस खेपा ब्रेक दाबून लाल होईस्तोवर तापवल्यात," रतन म्हणाली. "काटा पाच घरांपुढं गेला की बाद."

आश्रुबानं एकेक डिस्क काट्याखाली फिरवली. गोठवलेली सहा घरं डुलली. बाद. सुंदररावांची चार. भोकांची तीन.

सुंदररावांचा चेहरा पडला. रतननं बापाकडं न बघता भोकांच्या डिस्ककडं हात नेला.

"थांब पोरी," आश्रुबा म्हणाला.

त्यानं दोन्ही डिस्कांना रॉकेल चोळलं, फडक्यानं कोरड्या पुसल्या, वर खडूची भुकटी फासली. जरा वेळानं बाजारातल्या डिस्कच्या भोकाभोकातून केसाएवढ्या ओल्या रेघा वर आल्या. तडे! भर वेगात हिचे तुकडे झाले असते.

बिडाची डिस्क पांढरीफेक राहिली. एक रेघ नाही. सुंदररावांची छाती अशी काही फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी होती.

आश्रुबानं ती डिस्क उलटी केली आणि थबकला. आतल्या खोलगट भागात जुन्या रोलरची गंजकी कातडी तशीच ठेवली होती. तिच्यावर ठोकलेली दोन अक्षरं होती, 'सु' आणि 'आ'. कारखान्याच्या पहिल्या हंगामात सुंदररावांनी तो रोलर कातला होता, आश्रुबानं मापला होता आणि दोघांनी आपापला छाप मारला होता.

"हे कावून न्हाई कातलं?" आश्रुबानं डिस्कलाच विचारल्यागत विचारलं.

"मापलेली जागा हाय ती," सुंदरराव म्हणाले. "तिच्यावर मी हत्यार चालवीत न्हाई."

आश्रुबानं दोन्ही अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"काका, पास झाली ना? मग तुमचा छाप मारा की," रतन म्हणाली.

"छाप हायच की. बसव गाडीला." मग मान वर करून तो म्हणाला, "आन् सुंदऱ्या, सरक की बे बाजूला. पोरीला उजेड लागतोय."