न पुरलेलं कोकरू

गोरोबाने कोकराचं उरलेलं धड पोत्यावर ठेवलं आणि हात मातीने पुसले. पहाटे मेंढ्यांभोवतीची जाळी उचकटून लांडग्याने ते ओढ्यापर्यंत नेलं होतं, अर्धं खाऊन टाकून दिलं होतं.

"मुडदा बशिवला त्याचा!" हरणाबाई रडत होती. आई मेलेलं ते कोकरू तिने बाटलीने वाढवलं होतं.

"लांडगा हाय त्यो. भूक लागली, नेलं," गोरोबा म्हणाला. "त्याला शिव्या देऊन काय करायचं?"

"तुमाला काळीज हाय का न्हाय?"

हा प्रश्न ती लग्नापासून विचारत आली होती. नळदुर्गजवळ ट्रकने उडवून त्याचा पाय कायमचा अधू केला, तेव्हाही दवाखान्यात हा बाबा शेजारच्या पेशंटला तंबाखू मळून देत बसला होता. आताही त्याने शांतपणे दोन भाकरी खाल्ल्या.

"कुमार, ते पुरून ये."

मुलाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तो पोतं आणि कुदळ घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गोरोबा लंगडत मेंढ्या ओढ्याकडे घेऊन गेला, तर पुढे धावलेलं कुत्रं अडून भुंकू लागलं. बाभळीखाली लांडगीण मरून पडली होती. तोंडाला फेस, सड दुधाने भरलेले. शेजारी कोकराचं धड आणखी कुरतडलेलं, उघड्यावरच पडलं होतं आणि त्याला पिकावर फवारायच्या औषधाचा उग्र वास येत होता. गोरोबाने आधी कुत्र्याला मागे ओढलं.

कुमार मागून धावत आला.

"पुरलं न्हाईस?"

"न्हाय आबा. औषध लावून ठिवलं. आता एक बी कोकरू जायाचं न्हाय."

तो हसत होता. गोरोबाला ते हसू सहन झालं नाही. त्याने कुमारकडून कुदळ मागवून घेतली आणि लांडगीण व कोकरू दोघांनाही पुरेल एवढा खड्डा स्वतः खणला. पिलं कुठं असतील म्हणून दुपारभर ओढ्याकाठची बिळं हुडकली. सापडली नाहीत.

संध्याकाळी त्याने पुढ्यातलं ताट सरकवलं.

"कोकरू गेलं तवा दोन भाकरी खाल्ल्या," हरणाबाई म्हणाली, "आन् आज लांडग्यापायी उपाशी?"

गोरोबाने समोर जेवत असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"काल आपलं काय गेलं नव्हतं."

कुमारने हातातला घास ताटात ठेवला.