जुनी देऊन नवी

गणराज जुन्या व्हॅनखाली टॉर्च मारून पाहत होता, आणि इनायतभाई, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बाप उभा राहावा तसे, हात मागे बांधून बाजूला उभे होते.

जुन्या गाडीची किंमत ठरवणं हे गणराजचं शोरूममधलं काम. त्याने दारांची रबरं उचकटून आतला पत्रा बघितला, बोटांनी टकटक वाजवला, मग डाव्या अंगाला जाऊन थांबला.

‘हा दरवाजा ठोकून काढलाय का भाऊ?’

‘व्हय.’

‘आणि हे ओरखडे? सगळे डावीकडंच दिसतायत. ताजे आहेत.’

इनायतभाईंच्या शेजारी उभी असलेली योगिनी म्हणाली, ‘काळेवाडीतल्या गल्ल्या बघितल्या का तुम्ही? तिथं हत्ती आला तर त्यालाही ओरखडे पडतेत.’

गणराज हसला आणि पुढच्या चाकाकडे गेला.

इनायतभाई मूळचे राजगुरुनगरचे. पण त्यांची उमर काळेवाडीतच गेली, आणि त्यातली बरीचशी याच व्हॅनमध्ये. काळेवाडी-पिंपरीतल्या बायकांना घेऊन पहाटे चाकणला निघायचं, वायरिंगच्या कंपनीच्या गेटवर सोडायचं, आणि शिफ्ट सुटली की परत आणायचं. बाळंतपणाची सुट्टी संपवून आलेली, नवऱ्याशी भांडून आलेली, ओव्हरटाइम करून उभ्याने झोपणारी, सगळ्या त्यांच्या गाडीतून गेल्या. त्या त्यांना चाचा म्हणत. गाडीत पान खायचं नाही आणि सासूचं गाऱ्हाणं मोशीच्या पुढे न्यायचं नाही, असे त्यांचे दोनच नियम होते. त्यातला दुसरा नियम कुणी पाळत नसे.

आता कंपनीने फर्मान काढलं होतं, इतक्या जुन्या गाड्या गेटच्या आत घेणार नाही. म्हणून गुरुवारच्या सुट्टीला इनायतभाई मोशीच्या या शोरूममध्ये आले होते. बायकांनी ठरवून योगिनीला बरोबर धाडलं होतं. गाडीत रोज बसायचं आम्हाला, तर निवडताना आमची एक तरी बाई पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. योगिनी परभणीकडची, लग्न होऊन इकडे आलेली, कंपनीत कंत्राटावर. व्हॅनमध्ये ती कायम पुढच्या सीटवर बसायची आणि सारखी बोलायची.

गाड्या दाखवणाऱ्या मुलीचं नाव करिष्मा होतं. तिने सात सीटच्या नव्या व्हॅनची दारं उघडून दाखवली, ॲव्हरेज सांगितलं, आणि हलक्या आवाजात विचारलं, ‘मॅडम तुमच्या सून का?’

‘मी पॅसेंजर,’ योगिनी म्हणाली.

करिष्माला एका गोष्टीचं नवल वाटत होतं. या वयाचे लोक आधी ॲव्हरेज विचारतात, मग हप्ता. या काकांनी दोन्हींकडे लक्षच दिलं नव्हतं. ते आरशांबद्दल विचारत होते. डावा आरसा किती मोठा आहे, त्यात चाकापर्यंतचं दिसतं का, कॅमेरा फक्त मागचं दाखवतो की बाजूचंही. बाजूचंही दाखवणारं मॉडेल सगळ्यात महाग होतं. इनायतभाई म्हणाले, तेच द्या. गणराजने जुन्या गाडीची जी किंमत सांगितली ती फारच कमी होती, तीही त्यांनी मुकाट ऐकून घेतली. योगिनीने कोपराने ढोसलं तरी ते घासाघीस करेनात. ज्याला काही झाकायचं असतं त्याला ताठ मानेने भाव करता येत नाही.

करिष्मा म्हणाली, आधी एक चक्कर मारून बघा.

हायवेच्या सर्व्हिस रोडला इनायतभाईंनी नवी गाडी काढली. योगिनी सवयीने पुढे बसली, करिष्मा मागे. गाडी मऊ होती, क्लच लोण्यासारखा. हार्डवेअरच्या दुकानांपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. योगिनी करिष्माला मागच्या सीटवर पाय कसे अवघडतात ते सांगत होती, आणि सांगता सांगता, आवाज न बदलता, मध्येच म्हणाली, ‘डावीकडं, चाचा.’

इनायतभाईंचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मग त्यांच्या नजरेत आधी एक चाक आलं, मग उसाच्या रसाचा गाडा, आणि शेवटी तो ढकलणारा माणूस. त्याने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि तो पुढे गेला.

‘ताई बोलल्या म्हणून बरं,’ करिष्मा मागून म्हणाली. ‘काका, तुम्हाला तो दिसला नव्हता?’

तिने साधंच विचारलं होतं. पण इनायतभाई आपल्या पायाकडे बघत राहिले. गाडा दिसायच्या आधी पायाने ब्रेक दाबला होता. पाय डोळ्यांचं ऐकत नव्हता, या बाईचं ऐकत होता. आणि आजच नव्हे. डावीकडं टेम्पो उभा हाय बघा चाचा. धुकं किती पडलंय, ती शाळेची पोरं दिसतेत का तिकडं. हे ती रोज बोलायची. त्यांना वाटायचं, बाई बडबडी आहे.

त्यांनी गाडी सावकाश शोरूमला परत आणली, किल्ली करिष्माच्या हातात दिली आणि जरा चहा घेऊन येतो म्हणून बाहेर पडले. योगिनी मागोमाग गेली. टपरीच्या बाकड्यावर दोघं बसली. चहा आला तरी इनायतभाईंनी ग्लास उचलला नाही.

‘कवापासून म्हाईत हाय तुला?’

काय, ते योगिनीने विचारलं नाही. ‘दिवाळीच्या आधीपासून. कुरुळीला तुम्ही एका सायकलवाल्याला घासून गेलाव आन् तुम्हाला पत्ताच नव्हता. मला आधी वाटलं डुलकी लागली. मग मी ध्यान ठेवायला लागले.’

‘कुनाला बोललीस?’

‘नाही. बोलले असते तर तुमची गाडी बंद पडली असती. आन् नाही बोलले म्हणून मला झोप नव्हती.’ ती ग्लासाकडे बघत राहिली. ‘मागं सगळ्या जणी पेंगत बसलेल्या असतेत, चाचा. त्यांची लेकरं घरी. एखाद्या दिवशी माझंच ध्यान नसलं तर?’

इनायतभाईंनी मग तिला सगळं सांगितलं. पिंपरीच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हटलं होतं. डाव्या बाजूचं नजरेतून पुसत चाललं होतं. गेलेलं परत येत नाही, थेंब टाकले तर आहे तेवढं टिकेल. हे घरी फक्त ताजुन्निसाला, बायकोला माहीत होतं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटलं होतं, ते मात्र त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. मोठे आरसे आणि कॅमेऱ्याची गाडी घेतली की निभेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

‘आता न्हाई चालवायची मी,’ ते म्हणाले.

हे वाक्य कितीतरी महिने त्यांच्या छातीवर बसलं होतं. ते तोंडातून बाहेर पडेल त्या दिवशी आपण संपलो, असं त्यांना वाटायचं. ते बाहेर पडलं, आणि हायवेवरून कंटेनर जात राहिले, टपरीवाला आलं ठेचत राहिला. इनायतभाईंचे खांदे खाली आले. त्यांनी ग्लास उचलला आणि गार होत आलेला चहा गटागटा पिऊन दुसरा सांगितला.

नवी गाडी घेत नाही, असं आत जाऊन सांगायला ते उठले. योगिनी उठली नाही.

‘मी चालवली तर?’ ती म्हणाली.

तिचं लायसन पक्कं होतं. नवरा गाडी घेणार म्हणून हौसेने काढलेलं; गाडी काही आली नाही. कंपनीच्या आवारात व्हॅन मागेपुढे करायला इनायतभाईंनीच तिला कधीमधी किल्ली दिली होती. आणि गणपतीनंतर तिचं कंत्राट वाढणार नव्हतं, हे तिला सुपरवायझरने कालच सांगितलं होतं. हे सगळं तिने एका दमात सांगितलं.

‘घरी काय म्हनतील?’

‘दोन दिवस फुगून बसतील. मग विचारतील, पगार किती.’

इनायतभाई परत बाकड्यावर बसले. कंपनीच्या आवाराबाहेर, रस्त्यावर आजवर आपल्या गाडीच्या स्टिअरिंगवर त्यांनी सख्ख्या भाच्यालाही बसू दिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, ‘चल. बघू दे कशी चालवतीस.’

करिष्माला दुसऱ्या चकरेचं कारण कळलं नाही, पण ती आनंदाने मागे बसली. योगिनीने आरसे नीट केले, बेल्ट लावला, आणि गाडी काढताना एकदा बंद पाडली. इनायतभाई डावीकडच्या सीटवर होते. तिथून रस्त्याची डावी कड त्यांना दिसत नव्हती, पण उजवीकडची योगिनी चांगली दिसत होती. तिचे हात, तिची आरशाकडे जाणारी नजर, सगळं. दुचाकीवाला आडवा आला तेव्हा ती आधीच हळू झालेली होती. गिअर तिने उशिरा टाकला. त्यांनी सांगितलं, तिने पुढच्या वेळी वेळेत टाकला. मोशीच्या चौकातून वळसा घेऊन ती परत आली, तोवर तिच्या कपाळावर घाम होता आणि इनायतभाईंनी सीटला पाठ टेकली होती.

त्यानंतर जे झालं ते करिष्मा पुढे बरेच दिवस इतरांना सांगत होती. सकाळी मान खाली घालून हो म्हणणारा म्हातारा खुर्ची ओढून टेबलाशी बसला आणि भाव करू लागला.

कॅमेऱ्याचं महाग मॉडेल नको, ते म्हणाले. चालवणारीला दोन डोळे धड आहेत. खालचं मॉडेल दाखवा. त्यातून जे वाचेल त्यात बायकांना चढायला पायरी बसवून द्या, कारण सगळ्यांचेच गुडघे योगिनीच्या वयाचे नाहीत. सीटकव्हरं शोरूमकडून. करिष्मा म्हणाली, कव्हरं मिळतील पण पायरीचं मॅनेजरना विचारावं लागेल. विचारून या, आम्ही बसलोय, असं इनायतभाईंनी सांगितलं.

मग त्यांनी गणराजला बोलावलं.

‘डावीकडचे ओरखडे गल्लीचे न्हाईत, राव. मला त्या अंगाचं दिसत न्हाई. त्यो पत्रा माझ्या डोळ्यानं खराब झालाय, त्याचं काय कापायचं ते काप. पर इंजिनाला डोळं नसत्यात. त्याचं का कापलंस?’

गणराज योगिनीकडे बघू लागला. ती खाली बघत होती, पण हसत होती.

गणराज आणि इनायतभाई बाहेर जुन्या गाडीपाशी गेले. व्हॅन चालू करून गणराज बराच वेळ बॉनेटपाशी कान देऊन उभा राहिला, मग एक फेरी मारून आला. त्याने आकडा वाढवला. इनायतभाईंनी आणखी वाढवायला लावला. तो म्हणाला, आता माझी नोकरी जाईल. ते म्हणाले, मग मधलं काहीतरी कर. मधल्या आकड्यावर दोघांनी हात मिळवले. मॅनेजरने पायरी मान्य केली, पण सीटकव्हरं साधी देईन म्हणाला. साधी तर साधी.

नवी गाडी हातात येण्याच्या दिवशी जुनी द्यायची होती; तोवर ती शोरूमच्या आवारातच उभी राहिली आणि बायका बसने गेल्या. त्या दिवशी इनायतभाईंनी किल्ली गणराजच्या तळहातावर ठेवली आणि सांगितलं की पहिला गिअर जरा समजावून घ्यावा लागतो, जोर केला की रुसतो. गणराज म्हणाला, सांगतो पुढच्याला. एवढंच बोलणं झालं.

ताजुन्निसाला मात्र त्यांनी त्या गुरुवारीच सगळं सांगितलं होतं. डॉक्टर काय म्हणाले होते तेसुद्धा. ती मेथी निवडत बसली होती. इतके महिने ते पहाटे निघाले की चाकणहून फोन येईपर्यंत ती दारातच बसायची, आणि फोन आला की जणू काही झालंच नाही अशी उठून कामाला लागायची. ती रागावेल असं त्यांना वाटलं. तिने एवढंच विचारलं, की ती मुलगी ब्रेक नीट मारते का. ते म्हणाले, माझ्याआधी मारते. तिने ओढणीने डोळे पुसले आणि उरलेली जुडी पुढे ओढली.

नव्या गाडीच्या पहिल्या सकाळी इनायतभाईंना जायची गरज नव्हती, तरी ते गेले. रस्ता दाखवायला, असं म्हणाले. रस्ता योगिनीला पाठ होता. पुढच्या सीटवर गुडघ्याचं कारण सांगून बायकांतल्या थोरल्या मंजुळाबाई आधीच बसल्या होत्या, म्हणून ते मधल्या रांगेत खिडकीशी बसले. नाशिक फाट्यापर्यंत दोनदा ‘गिअर’ म्हणाले. भोसरीत एकदा ‘हळू’ म्हणाले. त्यानंतर काही बोलले नाहीत.

इंद्रायणीच्या पुलावर योगिनीने आरशात बघितलं. चाचांना झोप लागली होती. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. मंजुळाबाई जावयाची हकीकत मोठ्याने सांगत होत्या. मागच्या रांगेतल्या तनुजाने बोट ओठांवर ठेवून खूण केली, तशी त्यांनी हकीकत तिथूनच पुढे, पण कुजबुजत चालू केली. तनुजाने आपली डब्याची पिशवी मोकळी केली, तिची घडी घातली आणि काच आणि चाचांचं डोकं यांच्या मध्ये सरकवली. ते जागे झाले नाहीत.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला नवा होता. त्याने बायकांची ओळखपत्रं बघितली, मग आत वाकून विचारलं, हा झोपलेला माणूस कोण?

‘गाडीचे मालक,’ योगिनी म्हणाली, आणि काच वर करून तिने गाडी अलगद आत घेतली.