देऊळघाटचा बेलभंडार

भगवंतराव वकिलांना एक खोड होती. साक्षीदार फुटले, हाताशी पुरावा उरला नाही, की ते समोरच्याच्या भीतीवर डाव लावायचे. डाव लागायचाही, म्हणून तर बुलढाण्याच्या कोर्टात त्यांचा दबदबा होता. पण या वेळी मुन्सफासमोर जे बोलून बसले, त्यानं त्यांची झोप उडाली.

दावा तसा सरळ. देऊळघाटच्या मनकर्णाबाईचा नवरा वारला होता. ती म्हणे, भावाभावांची वाटणी आधीच झाली, विहिरीचं वावर आमच्या हिश्श्याचं. थोरला दीर उकंडराव म्हणे, कसली वाटणी? आम्ही एकत्रच होतो. वाटणी झाली असेल तर वावर बाईचं, नसेल तर दोन घास आणि वर्षाचं लुगडं, बस्स. वाटणी तोंडी झालेली. पंच म्हणून बसलेले दोघेही ऐन वेळी कोर्टात म्हणाले, "याद नाही." हरामखोर लेकाचे! दुसरा शब्द नाही.

तेव्हा भगवंतराव ताडकन उठले. "उकंडरावांनी महादेवापुढं बेलभंडार उचलावा, घरच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवावा आणि म्हणावं, वाटणी झाली नाही. म्हटलं, तर आमचा दावा सोडला!"

कायद्यात तशी सोय होती. अशी शपथ एकदा झाली की तोच शेवटचा पुरावा; घेणारा कचरला, तर तो खोटा ठरला. मनकर्णाबाईनंही आधीच मान डोलावली होती. "तो काय उचलते! मांजर आडवं गेलं तं घरी वापस येते तो."

सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता गडबडणार. उकंडराव शांतपणे म्हणाला, "हाव. कबूल."

शपथेच्या सकाळी भगवंतराव जेवायला बसले होते. धाकटी लेक मांडीवर चढून उपरण्याचं टोक ओढत होती.

"अहो, लेकराला कशाला मध्ये घातलंत?" अन्नपूर्णाबाईंनी पोळी वाढता वाढता विचारलं.

"अगं, म्हणून तर तो कचरणार. वावरासाठी नातवाचा जीव कोण पणाला लावेल?"

"आणि लावला तर?"

"तर ती बाई उघड्यावर पडली," ते म्हणाले. मुलीला खाली ठेवून ते पानावरून उठले आणि दमणी जुंपायला सांगितली.

महादेवाच्या देवळापुढं सारं गाव लोटलं होतं. कोर्टानं नेमलेले कमिशनर वामनराव सतरंजीवर बसले होते. पितळी ताटात बेल आणि भंडारा. उकंडराव आंघोळ करून ओलेत्यानं आला. भगवंतरावांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. हात अजिबात कापत नव्हते.

"कडूबा, इकडं ये बे," उकंडरावानं हाक मारली.

गर्दीतून चारेक वर्षांचं पोर अंगठा चोखत पुढं आलं.

"अवं माय!" मनकर्णाबाई ओरडली. "मले वाटलं, हा थोरल्या नातवाले आनीन. ह्याले काऊन आणलं?"

"कोण हा?" भगवंतरावांनी विचारलं.

"नातू त्याचा, पण लेकरू माह्यं, वकीलसाहेब! याची माय बाळंतपणात गेली. बकरीचं दूध पाजून म्या वाढवलं. दावा लागला अन् त्यानं माह्या मांडीवरून ओढून नेलं."

ही गोष्ट वकिलांना ठाऊक नव्हती. दाव्याला तिचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

उकंडरावानं एक हात पोराच्या डोक्यावर ठेवला, दुसरा ताटाकडे नेला. सावकाश, अगदी सावकाश. आणि बघत होता कुणाकडे? महादेवाकडे नव्हे, मनकर्णाबाईकडे! भगवंतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याला शपथ घ्यायचीच नाही. हा तिच्या ओरडण्याची वाट बघतोय.

"बाई, गप्प राहा," ते तिच्या कानाशी पुटपुटले. "तो उचलणार नाही. जरा दम धरा, मोडतो बघा."

"अन् नाही मोडला तं?"

"मोडेल हो! वावर तुमचंच आहे."

उकंडरावाची बोटं बेलाला लागली. "मी महादेवाची आण घेऊन सांगतो, की…"

"थांब!" मनकर्णाबाई धावली. तिनं पोराला उचलून छातीशी घट्ट धरलं. "सोडला! वावर तुले, विहीर तुले. खोटी आण याच्या डोक्यावर नोको घालू!"

वामनरावांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. ती एकच बोलली, "सोडला." त्यांनी तसं लिहून घेतलं. उकंडरावानं हात झटकले, तिच्या कडेवरून पोराला काढून घेतलं आणि रडत्या पोरासकट तो घराकडे चालता झाला. खोटं एक अक्षर त्याला बोलावं लागलं नाही.

भगवंतरावांचा संताप मस्तकात गेला. "बाई, काय केलंत हे! जरा थांबला असतात, तर वावर हातात होतं!"

मनकर्णाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"वकीलसाहेब, तुम्हाले लेकरं हायेत ना?"

"आहेत. चार."

"मंग मले दम धर काऊन म्हणलं?"