सगळ्यांना सारखं

माझ्या मावशीचा विज्ञानावर राग नाही. तिचं म्हणणं एवढंच, की शास्त्रज्ञ मंडळींना व्यवहार कळत नाही. आणि या मंडळींत तिच्या लेखी तिची सख्खी भाची, म्हणजे मी, पहिल्या नंबरावर आहे.

गुडघेदुखीवरच्या एका नव्या गोळीची मी चाचणी घेत होते. ती पार पडली तर मला स्वतःचा विभाग मिळणार होता, फसली तर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली. मावशीच्या आणि शेजारच्या इमारतीतल्या बायकांना मी गोड बोलून तयार केलं. नात्यातली म्हणून मावशीला घेता येईना. त्यावरून ती आठवडाभर फुगून बसली.

बायकांना तळमजल्यावर बसवून मी सगळं समजावलं. निम्म्या जणींच्या डबीत औषध, उरलेल्यांच्या डबीत हुबेहूब तशीच पण बिनऔषधाची गोळी. कुणाकडे काय, हे मलाही माहीत नाही. सगळ्या माना डोलावत होत्या. किती छान समजावते मी, असं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग रक्त तपासणाऱ्यांचा फोन आला. मावशीच्या इमारतीत औषध निम्म्या जणींच्या रक्तात दिसायला हवं होतं, ते प्रत्येकीच्या रक्तात होतं. मी तशीच मावशीकडे धावले. तिच्या ओट्यावर काचेची भली मोठी बरणी होती आणि ती माझ्या गोळ्यांनी भरलेली होती.

"अगं, निम्म्या बायकांना फसवणार हे तू सगळ्यांसमोर कबूल केलंस," मावशी शांतपणे म्हणाली. "इतक्या वर्षांचा शेजार आमचा. एकीचा गुडघा बरा व्हायचा आणि दुसरीनं बघत बसायचं? म्हणून सगळ्या डब्या इथे ओतल्या, ढवळल्या, आणि रोज सकाळी मी वाटते. सगळ्यांना सारखं."

वाटणारीण म्हणून ती स्वतःही दोन घेत होती.

आता औषधाचा गुण आहे की नाही हे कधीच कळणार नाही, असं मी तिला परोपरीनं सांगितलं. सगळ्यांचं दुखणं कमी झालंय म्हणजे गुण आहे, एवढं कळायला इतकं शिकावं लागतं का, असं तिनं विचारलं. शिवाय आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाकडे काय होतं ते तुलाही ठाऊक नव्हतं, हे मी बाहेर बोलले नाही. उगाच तुझी अब्रू जायची."

मला रडू आलं. रागही आला, आणि या बाईवर राग धरता येत नाही याचा आणखी राग आला. स्वतःची समजूत घालत मी म्हटलं, "जाऊ दे. शेजारची इमारत तरी शाबूत आहे."

मावशीनं मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"त्यांची तर तू काळजीच करू नकोस. काल मी स्वतः जाऊन सगळ्यांना पद्धत समजावून आले, बरणीही दिली. लिफ्ट बंद, तरी चार मजले चढले आणि गुडघ्यानं कुरकुरसुद्धा केली नाही. आता यात तुला काय सिद्ध करायचं राहिलं, ते सांग."