जरा मोठ्याने बोला!

चंपतरावांच्या गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात त्या सकाळी काळा टेलिफोन एक, टेकायचे लोड दोन, उघडे गठ्ठे सतरा आणि माणसे पाच होती. पण मुलाखतीपुरती माणसे चारच धरायची, असे केशवने ठरवले होते. पाचवी होती त्याची चौदा महिन्यांची मुलगी छबी. ती आजीच्या, म्हणजे बायजाबाईंच्या, मांडीवर बसून छापील वायलचे टोक चोखत होती.

मुलाखत होती केशवच्या बायकोची, गोपिकाची. ती रसायनशास्त्राची एम.एस्सी. साल एकोणऐंशी. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत सरकीच्या तेलाचा नवा कारखाना निघाला होता आणि त्याच्या प्रयोगशाळेत एक जागा होती. कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ मुंबईला. ते ट्रंक कॉल करून मुलाखत घेणार होते. घरी फोन कुठला? केशव चंपतरावांच्या दुकानात कामाला होता, म्हणून शेठजींनी तासाभरासाठी टेलिफोन मोकळा ठेवला होता.

तयारीत केशवने कसर ठेवली नव्हती. आठवडाभर तो पितळी तांब्या कानाला लावून साहेब होत असे आणि गोपिका चुलीपुढून उत्तरे देत असे. उत्तरे पक्की झाली होती. एकच उत्तर तिच्या घशाखाली उतरत नव्हते.

"अर्ज माहेरच्या नावानं गेला हाये," केशव पुन्हा म्हणाला. "डिग्रीवर तेच नाव हाये न. ते तुले कुमारीच समजून राहिले. समजू दे. लग्नाचं इचारलं तं 'सध्या विचार नाही' म्हणजो. आई, तू छबीले घेऊन बगिच्यात जा. रडली तं सारं मुसळ केरात!"

बायजाबाई हलल्या नाहीत. "काहून जाऊ गा? पोरगी का चोरीचा माल हाये, लपवाले?"

"आई, दोन जागा याच्यापायीच गेल्या. पहिला प्रश्न लग्न झालं का, दुसरा लेकरू हाये का, आन् मंग तिसरा प्रश्नच नाही! तेलाचं कोणी इचारतच नाही!"

"मंग चूक इचारणाऱ्याची का सांगणाऱ्याची?" बायजाबाईंनी छबीच्या तोंडातले वायल काढून घेतले. "आज 'लेकरू नाही' म्हणशीन. उद्या पोरीले ताप आला, तं सुट्टी कोणाच्या नावानं मागंन थे? तुले कोणी इचारलं होतं का रे, दुकानात लागताना, का लेकरू कोण पाहीन म्हणून?"

"मी तं नाही इचारलं बॉ," चंपतराव लोडावरून म्हणाले आणि मग आपणच काहीतरी कबूल केल्यासारखे लोड सारखा करू लागले.

गोपिकाने टेलिफोन जवळ ओढून घेतला. तिला नोकरी हवी होती. दोन वर्षे तिने प्रयोगशाळेतल्या ब्युरेटला हात लावला नव्हता, आणि तिसऱ्यांदा हात हलवत परत यायची तिची तयारी नव्हती.

तेवढ्यात फोन खणखणला. "नागपूर? मुंबईची पार्टी बोला!" ऑपरेटर ओरडली, आणि त्यामागून साहेबांचा आवाज आला, जणू विहिरीच्या तळातून.

"तेलातली मुक्त आम्लं कशी मोजाल?"

"नमुना तोलून गरम अल्कोहोलमध्ये..."

"ऐकू येत नाही! जरा मोठ्याने बोला!"

गोपिका मोठ्याने बोलू लागली. नंतर ओरडू लागली. "फिनॉल्फथॅलीन! फिका गुलाबी रंग! अर्धा मिनिट टिकला पाहिजे!" दारात गिऱ्हाइके थबकली. समोरचा पानवाला कात्था लावायचा थांबला. सगळी गल्ली तेलाची परीक्षा ऐकत होती. साहेब अडवत होते आणि ती सुटत होती. केशवचा चेहरा उजळला.

आणि मग आलाच तो प्रश्न. "ठीक. लग्नाचा काही विचार?"

केशवने दोन्ही हात जोरजोरात हलवले. गोपिकाने त्याच्याकडे पाहिले, मग छबीकडे. "लग्न झालं आहे," ती म्हणाली.

"काय? मोठ्याने बोला!"

खोटे असते तर कुजबुजावे लागले असते; खरे भर बाजारात, गल्लीच्या साक्षीने, ओरडून सांगता येते.

"लग्न झालंय!" गोपिका गरजली. "मला मुलगी आहे! चौदा महिन्यांची! इथंच बसली आहे!"

केशव मटकन गठ्ठ्यावर बसला. तारेवर नुसती खरखर. "मग मुलीचं काय करणार?" साहेबांनी विचारले.

"तुम्हाला मुलं आहेत, साहेब?"

"दोन आहेत. का?"

"तुमच्या मुलाखतीत हा प्रश्न होता?"

"तीन मिनिटं झाली," ऑपरेटर मधेच म्हणाली. "वाढवायची का?"



"वाढवा," साहेब म्हणाले. क्षणभराने त्यांचा आवाज पुन्हा आला. "नव्हता. तो प्रश्न नव्हता. हे पाहा, सोमवारी कळमेश्वरला जा. तिथं तेलाचा एक नमुना आहे, तो आम्ही इथं तपासला आहे. तुमचा आकडा आमच्या आकड्यापासून पाच शतांशाच्या आत आला, तर जागा तुमची. दुसरं काही विचारत नाही."

रिसीव्हर ठेवताना गोपिकाचा घसा पार बसला होता. पानवाल्याने दारातूनच विचारले, "लागली का बाई नौकरी?"

"सोमवारी समजंन," केशव म्हणाला. मग आईच्या मांडीवरून त्याने छबीला उचलले आणि शेठजींकडे वळला. "शेठजी, सोमवारी आईले दवाखान्यात जाचं हाये, थे घरी नाही राहीन. मले सुट्टी पाह्यजे. पोरगी मी सांभाळीन."

"घे न गा," चंपतराव म्हणाले. "तुह्यीच हाये थे."

वाचकहो, आपल्या घरची लेक किंवा सून कामासाठी बाहेर पडते, तेव्हा आपण तिला काय शिकवतो? लपवायला! अन्याय विचारणाऱ्याचा, आणि लाज मात्र तिने बाळगायची! जो प्रश्न पुरुषाला विचारला जात नाही, तो बाईलाही विचारला जाऊ नये. आणि विचारलाच, तर तिने तो उलटा विचारावा, मोठ्याने विचारावा. त्या वेळी घरच्यांनी हात हलवून तिला गप्प करू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

सोमवारी कळमेश्वरच्या प्रयोगशाळेत गोपिकाने नमुना तीनदा तपासला आणि सरासरी काढली.

मुंबईचा आकडा १.२४ टक्के. गोपिकाचा आकडा १.२६ टक्के.